बॅलरॉगचे पंख

टोल्किनच्या ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’ (१९५४) मधल्या बॅलरॉगला पंख आहेत की नाहीत? चित्रकाराने ते काढले तरी वाचक भांडतात, गाळले तरी भांडतात. मी ते प्रकरण पुन्हा वाचले. गँडाल्फसमोर थबकलेल्या त्या राक्षसाभोवतीची सावली आधी पंखांसारखी पसरते. थोड्याच ओळींनंतर ‘सारखी’ गळून पडते आणि पंख या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जातात. खरे पंख, की आधीचीच उपमा आता रूपक झाली? लेखकाला हे मोघम ठेवता येते. चित्रकाराला कुंचला टेकवताना बाजू घ्यावीच लागते, म्हणून शिव्याही त्यालाच.

‘पुस्तकात असे नाही’ म्हणणाऱ्यांची चीड मला समजते; ते पान त्यांनी जीव लावून वाचलेले असते. पण खुद्द टोल्किनने ‘द हॉबिट’साठी काढलेल्या एका चित्रात बिल्बोच्या पायांत बूट आहेत, आणि मजकुरात ते त्याला मिळाल्याचा पत्ताच नाही. १९३८ साली अमेरिकी प्रकाशकाला त्याने कळवले, की तो उल्लेख फेरलेखनात गळला. म्हणजे चूक मजकुराची! ड्रॅगनच्या खजिन्याच्या चित्रातला बिल्बो मात्र भलताच मोठा झाला आहे, हेही त्यानेच सांगून टाकले.