तंबूतली आंघोळ : शॉवर घेण्याआधी पाण्याचा हिशेब

पावसाळा सरला की धरणांच्या काठी आणि घाटमाथ्यावर तंबू दिसू लागतात. पवना, भंडारदरा, मुळशी या परिसरांत शनिवार-रविवारच्या मुक्कामासाठी शहरांतून कुटुंबेच्या कुटुंबे येतात. अशा मुक्कामात जेवणाची आणि झोपण्याची सोय नीट लागते. अडते ते आंघोळीपाशी. ही गरज ओळखून बाजारात ‘पोर्टेबल शॉवर’चे अनेक प्रकार आले आहेत. मात्र जाहिरातीतील चित्र पाहून घेतलेला शॉवर पुष्कळदा पहिल्याच सहलीनंतर माळ्यावर जाऊन पडतो. उपकरण आधी घेतले जाते आणि पाण्याचा विचार नंतर होतो, हे त्याचे कारण. पाणी किती लागेल, कुठून येईल, कसे तापेल आणि वापरल्यावर कुठे जाईल, या चार प्रश्नांची उत्तरे आधी शोधली तर निवड बरीच सोपी होते.

पाणी किती?

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे गणित प्रथम लक्षात घ्यावे. घरातील शॉवरमधून मिनिटाला साधारण आठ ते दहा लिटर पाणी पडते. पाच मिनिटांच्या आंघोळीला चाळीस-पन्नास लिटर सहज जातात. मुक्कामात एवढे पाणी परवडत नाही. अंग ओले करून पाणी बंद करावे, साबण लावावा आणि मग अंग धुवावे, अशी शिस्त पाळली तर माणशी पाच-सहा लिटरमध्ये आंघोळ उरकते. त्यासाठी शॉवरच्या तोंडाशीच पाणी चालू-बंद करण्याची खटकी असावी. ती नसलेला शॉवर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

चौघांच्या कुटुंबाला या हिशेबाने वीस ते चोवीस लिटर पाणी लागते. गाडी तंबूपर्यंत जात असेल तर ते कॅनमधून नेता येते. पाठीवर सामान घेऊन गड चढणाऱ्यांना मात्र पिण्याच्या पाण्याचेच ओझे पुरेसे असते. त्यांनी शॉवरच्या भानगडीत न पडता ओल्या पंचाने अंग पुसावे. किंवा दोन लिटरच्या बाटलीच्या झाकणाला बारीक छिद्रे पाडून हातपाय-तोंड धुण्यापुरती सोय करावी.

चार प्रकार, चार स्वभाव

सर्वांत साधा प्रकार सौर पिशवीचा. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी भरून ती उन्हात सपाट ठेवायची आणि तापल्यावर उंच टांगायची. पाणी केवळ उंचीच्या जोरावर वाहते. एक मीटर उंचीने मिळणारा दाब जेमतेम ०.१ बार असतो. त्यामुळे पिशवी डोक्याच्या बरीच वर टांगली नाही तर धार लागत नाही. वीस लिटरची भरलेली पिशवी वीस किलोंची होते. ती पेलणारी फांदी किंवा तिवई जागेवर असेलच असे नाही. दोघांसाठी दहा लिटरची पिशवी पुरते आणि ती एकट्याला उचलता येते.

सौर पिशवीची खरी मर्यादा वेळेची आहे. हिवाळ्यातील स्वच्छ उन्हात दहा लिटर पाणी पंधरा अंशांनी तापायला दुपारचे अडीच-तीन तास तरी लागतात. आपल्याकडे आंघोळ सकाळची. पिशवीतले पाणी तयार होते ते दुपारी तीन-चारला आणि रात्रीतून पुन्हा थंड पडते. संध्याकाळी आंघोळ करण्याची तयारी असेल तरच ही पिशवी घ्यावी. ढगाळ दिवसांत तिचा उपयोग नाही. उन्हाळ्यात उलट पाणी फार कडक होऊ शकते, म्हणून मुलांच्या अंगावर घेण्याआधी हाताने पाहावे.

दुसरा प्रकार बॅटरीवरील पंपाचा. हा छोटा पंप बादलीत सोडला की नळीतून मिनिटाला दोन ते चार लिटर पाणी येते. उंच टांगण्याची गरज नसते आणि धारही एकसारखी मिळते. मात्र हा शॉवर पाणी तापवत नाही. दहा लिटर पाणी पंधरा अंशांनी तापवायला सुमारे १७५ वॅट-तास ऊर्जा लागते. मोबाइलसाठी वापरल्या जाणाऱ्या दहा हजार मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत असते अवघी ३७ वॅट-तास. म्हणजे एवढ्या कोमट पाण्यालाही जवळजवळ पाच पॉवर बँका रिकाम्या कराव्या लागतील. त्यामुळे लहानशा बॅटरीवर गरम पाणी देण्याचा दावा कोणी करत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

यावर उपाय घरातलाच आहे. दोन लिटर पाणी चुलीवर उकळावे आणि त्यात सहा लिटर थंड पाण्याचे विसण घालावे. थंड पाणी वीस अंशांच्या आसपास असेल तर आठ लिटर पाणी साधारण चाळीस अंशांचे, म्हणजे आंघोळीजोगे होते. विसण घातल्यानंतरच पंप पाण्यात सोडावा. उकळत्या पाण्याने त्याचे प्लॅस्टिकचे भाग बिघडतात. पंप घेताना तो किमान ‘आयपीएक्स७’ दर्जाचा असावा. हा दर्जा एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकण्याचा आहे. ‘आयपीएक्स४’ केवळ शिंतोड्यांपासून संरक्षण देतो. पाणी खेचण्याच्या तोंडाला गाळणी आणि चार्जिंगच्या जागी घट्ट रबरी झाकण आहे ना, हेही पाहावे.

तिसरा प्रकार हवेच्या दाबाचा. टाकीत हाताने किंवा पायाने हवा भरली की पाणी जोरात बाहेर येते. बॅटरी नको, टांगणे नको, विसण घातलेले पाणीही चालते. बागेतील फवारणीचा पंप याच तत्त्वावर चालतो आणि नवा असेल तर तो या कामी येतो. मात्र कीटकनाशकासाठी एकदाही वापरलेला पंप अंगावरच्या पाण्यासाठी कदापि वापरू नये.

चौथा प्रकार गॅसवरील हीटरचा. सिलिंडर, पंप आणि हीटर असा हा संच सकाळीही हवे तेवढे गरम पाणी देतो. पण त्याला मिनिटाला पाच-सहा लिटर पाणी लागते, म्हणजे पाच मिनिटांत पंचवीस-तीस लिटर संपतात. मोठा गट आणि मुबलक पाणी असेल तरच तो सोयीचा.

त्याचा धोकाही समजून घ्यायला हवा. गॅस अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. माणूस बेशुद्ध होईपर्यंत पुष्कळदा त्याला काही कळत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दमण येथे केरळचे आठ पर्यटक बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपले आणि मृत्युमुखी पडले. तो हीटर खोली उबदार करण्याचा होता, पण बंद जागेतील ज्वलनाचा धोका तोच. म्हणून शॉवरचा हीटर मोकळ्या हवेतच ठेवावा. आंघोळीच्या आडोशात केवळ नळी न्यावी.

सांडपाणी जाते कुठे?

पवना धरणातील पाणी पिंपरी-चिंचवडकर पितात. धरणाच्या काठावर साबण लावून केलेली आंघोळ शेवटी कोणाच्या तरी नळाला पोहोचते. राजगड, हरिश्चंद्रगड यांसारख्या गडांवर तर कातळात खोदलेली टाकी हाच वाटसरूंचा पिण्याच्या पाण्याचा आधार असतो. राजगडासह महाराष्ट्रातील अकरा किल्ले २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. तेथील टाकी हा त्या वारशाचाच भाग आहे. टाक्यात बादली किंवा पंप बुडवून आंघोळ करणे म्हणजे मागून येणाऱ्याच्या तोंडचे पाणी नासवणे होय.

पाणी भांड्याने काढून जलसाठ्यापासून किमान साठ मीटर दूर न्यावे आणि तिथे मातीच्या जमिनीवर आंघोळ करावी. ‘जैवविघटनशील’ असे लिहिलेला साबणही मातीतील जिवाणूंमुळे विघटित होतो. तोही थेट पाण्यात जाऊ देऊ नये. शक्य तर एक दिवस साबणाविना काढावा.

आडोसा आणि निगा

आंघोळीसाठी उंच, घडीचा छोटा तंबू मिळतो. विशेषतः महिलांसाठी तो शॉवरइतकाच आवश्यक ठरतो. तो आपल्या उंचीपेक्षा वर आहे, त्याला वाऱ्यासाठी खुंट्या व दोऱ्या आहेत आणि पाणी निघून जाण्यास तळ मोकळा आहे, हे पाहावे. घरी परतल्यावर पिशवी, नळी आणि पंप पूर्ण रिकामे करून वाळवावेत. कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेलासारखे जिवाणू वाढतात आणि फवाऱ्याच्या तुषारांतून ते श्वासावाटे फुप्फुसांत जाऊ शकतात.

थोडक्यात, गाडीने जाणाऱ्या कुटुंबाला बादली, बॅटरीचा पंप आणि चुलीवरचे आधण पुरेसे आहे. वीज आणि चार्जिंग दोन्ही नसेल तर हवेच्या दाबाचा शॉवर, दुपारनंतरची आंघोळ चालणार असेल तर सौर पिशवी आणि मोठ्या गटासाठी सर्व खबरदारी घेऊन गॅसचा हीटर घ्यावा. कोणताही शॉवर घेतला तरी तो आधी घराच्या गच्चीवर सहा लिटर पाण्यात वापरून पाहावा. तिथे आंघोळ पुरी झाली, तर धरणकाठीही होईल.