बडोद्याचं स्पिटफायर

ब्रिटिश हवाई दलातली १२४ क्रमांकाची तुकडी मे १९४१मध्ये स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, कॅसलटाउन इथं नव्यानं उभी राहिली. बडोदे संस्थानाच्या देणगीमुळे तिच्या नावाला ‘बडोदा’ जोडलं गेलं. गादीवर तेव्हा प्रतापसिंहराव गायकवाड होते. तुकडीच्या बोधचिन्हात मुंगूस आहे. स्पिटफायर या लढाऊ विमानाची मॉडेल्स जगभर लाखांनी बनतात, पण बडोद्याचं नाव मिरवणाऱ्या या तुकडीचं विमान क्वचितच कुणी घडवतं. मला ते घडवावंसं वाटलं.

जुलै १९४२मध्ये या तुकडीला मार्क सहा जातीची स्पिटफायर मिळाली. जर्मनांची युंकर्स ८६ पी विमानं ४०,००० फुटांवरून येत आणि तिथवर साध्या लढाऊ विमानाचा हात पोचत नसे. मार्क सहा हे त्यावरचं घाईनं काढलेलं उत्तर. मार्क पाचचाच सांगाडा घेऊन वैमानिकाची खोली हवाबंद केली, पंखांची टोकं लांबवून निमुळती केली, तीनऐवजी चार पात्यांचा पंखा बसवला. ३७,००० फुटांवर असताना आतला दाब २८,००० फुटांवरच्या इतका राही. त्यासाठी वैमानिकाच्या डोक्यावरचं झाकण उड्डाणाआधी जमिनीवरची माणसं बाहेरून घट्ट बसवत. हवेत ते सरकवता येत नसे, प्रसंग आलाच तर फेकून देता येई. खाली उतरताना आत घामाच्या धारा लागत. वैमानिकांचा या विमानावर रोष होता, यात नवल नाही.

मॉडेलसाठी मार्क पाचचं १:७२चं किट घेतलं तरी चालतं. या प्रमाणात सहा फुटी माणूस एक इंचाचा होतो. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये १५.६ सेंटीमीटर, मार्क सहाचा १२.२४ मीटर, म्हणजे १७. दोन्ही टोकांना सात-सात मिलिमीटर वाढवायचे. प्लास्टिकच्या पत्र्याचा तुकडा चिकटवावा, वाळू द्यावा, मग कानशीनं आणि पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरनं घासत न्यावा. इथं घाई केली तर पंख चाकूच्या पात्यासारखा दिसू लागतो. पंख बसवताना दोन्हीकडे सहा अंशांचा चढ हवा, म्हणून पुठ्ठ्याचा साचा कापून त्यावर विमान ठेवूनच डिंक वाळू द्यावा.

डाव्या बाजूला, वैमानिक चढतो तिथं, साध्या स्पिटफायरला छोटं दार असतं. हवाबंद खोलीत दार परवडत नव्हतं, म्हणून मार्क सहाला ते नाही. किटवर कोरलेल्या दाराच्या रेषा पुट्टीनं भरून गुळगुळीत कराव्या लागतात. उजवीकडे धुराड्यांखाली मात्र एक लांबट नळी वाढवावी लागते. खोलीत हवा दाबणाऱ्या यंत्राला तिथून हवा मिळे. हे बदल टाळून नुसती चार पाती लावलेलं मॉडेल मला खोटं वाटतं.

रंगकामात वर गडद हिरवा आणि सागरी करडा, खाली फिकट करडा. शेपटीजवळचा पट्टा, पंख्याचं नाक आणि तुकडीची ओएन ही अक्षरं ‘स्काय’ नावाच्या हिरवट फिकट रंगात. पंखांच्या पुढच्या कडेला पिवळी पट्टी. जुन्या फोटोंवरून छटा ठरवताना जपावं. त्या काळच्या काही फिल्मवर पिवळा रंग काळपट उमटे. रंग वाळल्यावर आधी चकाकी देणारं वार्निश, मग डिकल, म्हणजे चिकटवायची छापील चिन्हं, मग मॅट वार्निश. खरबरीत रंगावर डिकल थेट लावलं, तर खाली हवा अडकते आणि वाळल्यावर चंदेरी डाग दिसतात.

शेवटी जुनेपणाचा हात. बरेच जण सगळं विमान खरवडून टाकतात, ते मला पटत नाही. पुरावा काय सांगतो ते बघावं. मशीनगनच्या तोंडांवर लाल कापडी पट्ट्या चिकटवत, धूळ आणि ओल आत जाऊ नये म्हणून. पट्ट्या शाबूत दाखवल्या तर पंखाखाली बारुदाची काजळी दाखवायची नाही; गोळी सुटली की पट्टी फाटलीच. धुराड्यांमागची करडी तपकिरी झाक मात्र हवीच.

माझ्या मॉडेलवर बीआर ५७९ हा अनुक्रमांक आणि ओएन-एच ही अक्षरं आहेत. लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये तुकड्यांच्या दैनंदिन नोंदवह्या ‘एअर २७’ या मालिकेत आहेत; खोलात जाणाऱ्यांनी तिथून सुरुवात करावी. १ एप्रिल १९४६ला या तुकडीचा क्रमांक बदलून ५६ झाला आणि बडोद्याचं नाव दलाच्या यादीतून गेलं. ज्या मराठी छंदिष्टांच्या टेबलावर स्पिटफायरचं किट पडून असेल, त्यांना माझी विनंती आहे: त्यावर ओएन अक्षरं लावा, आणि बैठकीवर बडोद्याचं नाव लिहा.