आठवड्याचं बक्षीस द्यायचं कोणाला?

आपल्या बेल्ह्याचा सोमवारचा बैलबाजार तुम्हाला माहीत आहे. पण ‘बैल आणि गायी’ हा आकड्यांचा खेळ माहीत आहे का?

समोरच्याने मनात चार वेगवेगळे अंक धरायचे. तुम्ही सांगितलेला अंक बरोबर जागी असेल तर बैल, चुकीच्या जागी असेल तर गाय. शक्यता ५०४०, पण नीट डोकं लावलं तर ७ प्रयत्नांत उत्तर निघतंच. १९६८ मध्ये केंब्रिज विद्यापीठात फ्रँक किंग यांनी तो कॉम्प्युटरवर आणला, सोबत खेळाडूंची क्रमवारीही!

मीही दुकानात आठवड्याला सर्वाधिक विक्रीचं बक्षीस सुरू केलं. दर वेळी काउंटरवरचाच मुलगा जिंकायचा. दोन महिन्यांत गोडाऊन सांभाळणारा काम सोडून गेला. जाताना म्हणाला, “दादा, माझा नंबर कधी लागणारच नव्हता.”

चूक माझी होती. खेळात कोडं सगळ्यांना सारखंच असतं. दुकानात प्रत्येकाचं काम वेगळं. आता मी प्रत्येकाला त्याच्याच मागच्या आठवड्याशी मोजतो. गोडाऊनमध्ये मोजणीच्या चुका कमी झाल्या, तरी बक्षीस.

तुम्ही बक्षीस जाहीर करण्याआधी एकच बघा: ते कोणाला कधीच मिळू शकणार नाही? आधी त्याचा विचार करा.