सेलमच्या टेकड्यांतल्या पांढऱ्या शिरा

तामिळनाडूतल्या सेलम शहराला लागून असलेल्या 'चॉक हिल्स'मध्ये खडूचा कणही नाही. तिथल्या गडद ड्युनाइट खडकात पांढऱ्या शिरांचं जाळं पसरलंय, ते मॅग्नेसाइटचं, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेटचं. ड्युनाइट मुख्यतः ऑलिव्हीन या हिरवट खनिजाचा बनलेला असतो. कार्बन डायऑक्साइड विरघळलेलं पाणी भेगांतून झिरपलं की ऑलिव्हीन कुजतं, त्यातलं मॅग्नेशियम सुटतं आणि भेगांमध्येच कार्बोनेट होऊन साचतं. उरलेल्या सिलिकाचा कॅल्सेडनी होतो. शिरेचा तुकडा चिनी मातीसारखा गुळगुळीत फुटतो. त्यावर थंड, सौम्य आम्लाचा थेंब टाका: कॅल्साइट लगेच फसफसतं, हा जवळपास ढिम्म राहतो.

खरी गंमत पुढे आहे. मॅग्नेशियमचा आयन भोवतीचे पाण्याचे रेणू सहजी सोडत नाही. त्यामुळे माती, तळी, खाणींचे ढिगारे अशा थंड जागी आधी नेस्क्वेहोनाइट, हायड्रोमॅग्नेसाइट अशी पाणीदार खनिजं तयार होतात. त्यांचं मॅग्नेसाइट व्हायला निसर्गात प्रचंड काळ लागतो. पॉलिस्टायरीनचे सूक्ष्म गोळे वापरून शास्त्रज्ञांनी मात्र ते साध्या तापमानाला 72 दिवसांत बनवलं. कार्बन डायऑक्साइड दगडात कोंडण्याच्या दृष्टीने हा शोध मोलाचा आहे.