पाडव्याचा कडुनिंब

चैत्र शुद्ध प्रतिपदा हा शालिवाहन शकाच्या नूतन वर्षाचा प्रथम दिन आणि साडेतीन मुहूर्तांपैकी एक. या दिवशी गुढीला साखरेच्या गाठीशेजारी कडुनिंबाची डहाळी बांधली जाते. पूजेनंतर निंबाची कोवळी पाने व फुले, गूळ, ओवा, हिंग, मिरी आणि मीठ वाटून केलेला प्रसाद घरातील सर्वजण घेतात. येणारे वर्ष केवळ गोड असणार नाही, जे कडू वाट्यास येईल तेही प्रसाद मानून स्वीकारावे, हाच या घासाचा बोध होय.

संस्कृतात निंबाला ‘अरिष्ट’ असेही नाव आहे. मराठीत अरिष्ट म्हणजे संकट; परंतु ‘ज्याला इजा पोहोचत नाही ते’ हाही त्या शब्दाचा अर्थ आहे. महोगनीच्या कुलातील या वृक्षाच्या प्रजातीस शास्त्रज्ञांनी ‘अझॅडिराक्टा’ हे नाव दिले, ते फारसीतील ‘आझाद दरख्त’, म्हणजे स्वतंत्र वृक्ष, या शब्दांवरून. या प्रजातीत जाती दोनच. एक आपला निंब, दुसरी आग्नेय आशियातील.

या स्वतंत्र वृक्षावरही एकदा बंधन आले होते. निंबतेलाने पिकांवरील बुरशी आवरण्याच्या पद्धतीचे पेटंट १९९४ साली युरोपात एका अमेरिकन कंपनीस व अमेरिकेच्या कृषी खात्यास मिळाले. भारतातून व युरोपातून त्यास विरोध झाला. हे ज्ञान नवे नव्हे, असे पुराव्याने दाखविण्यात आले. २००० साली ते पेटंट रद्द झाले आणि २००५ साली त्यावरील अपीलही फेटाळले गेले.

डहाळी आणताना मात्र पारख असावी. बकाणनिंब दिसण्यात सारखा भासला तरी त्याची प्रजाती वेगळी आणि फळे विषारी. त्याची फुले जांभळट, तर कडुनिंबाची पांढरी व सुवासिक असतात. निंबाचे तेलही लहान मुलांच्या पोटात कदापि देऊ नये.

पाडव्याला डहाळी तोडणाऱ्या हातांनी एक रोपही लावावे. पावसाळ्याच्या तोंडाशी निंबोळ्या पिकतात. त्यांच्या बियांची उगवणशक्ती अल्पकाळच टिकते. म्हणून पिकलेली निंबोळी ताजी असतानाच मातीत घालावी. नववर्षाचा याहून सोपा आणि पुण्यप्रद संकल्प कोणता?