औषध बुरशीला लागू पडेल?

पनवेलसारख्या दमट हवेत गजकर्ण नवं नाही. नवा आहे तो चिवटपणा. ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए या बुरशीला २०२० मध्ये नाव मिळालं, तेही जपानमधल्या भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून. टर्बिनाफिन या बुरशीनाशक औषधाला ती अनेकदा दाद देत नाही.

औषध लागू पडेल का हे पाहणाऱ्या तपासणीत ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये औषध टप्प्याटप्प्याने निम्मं पातळ करतात, प्रत्येक खळग्यात ठरावीक बीजाणू सोडतात. वाढ रोखणारी सर्वांत कमी मात्रा म्हणजे एमआयसी. कँडिडा या दुसऱ्या बुरशीचं उत्तर २४ तासांत मिळतं. गजकर्णाच्या बुरशीला सुमारे ४ दिवस, शिवाय त्याआधी नमुन्यातून ती वाढवण्यात आठवडे जातात. (स्टिरॉइडचं मलम परस्पर आणणाऱ्यांना एवढा धीर कुठला!) टर्बिनाफिनची एमआयसी चढी निघाली, तर बुरशीच्या स्क्वालीन इपॉक्सिडेज जनुकात बदलाचा संशय, मग डॉक्टर बहुधा इट्राकोनॅझोल या दुसऱ्या औषधाकडे वळतात.