रक्ताची रुजुवात

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात जातिसंस्थेचा आयुष्यभर धांडोळा घेणाऱ्या इरावती कर्वे यांनी कैलाश मल्होत्रा यांच्यासमवेत १९६८ साली महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजातींची जैविक तुलना प्रसिद्ध केली. एका मोठ्या समाजाची शकले पडून जाती निर्माण झाल्या नाहीत, तर मुळातच भिन्न असलेले गट एकमेकांच्या शेजारी येऊन बसले, आणि बेटीव्यवहार आपापल्या कुंपणात ठेवून राहिले, असे बाईंचे मत होते. त्या कुंपणाचा हिशेब आज ल्युकेमियाच्या रुग्णाला चुकवावा लागतो.

अशा रुग्णाला अनेकदा तारणाऱ्या अस्थिमज्जेच्या रोपणात रक्तगट जुळावा लागत नाही. रोपणानंतर रुग्णाचा रक्तगटच दात्याचा होतो. जुळावी लागतात ती सहाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवरची एचएलए जनुके. या जनुकांनी घडवलेल्या पहिल्या प्रतिजनाचा, म्हणजे पेशीवरच्या ओळखखुणेचा, शोध फ्रेंच वैद्य जाँ दोसे यांनी १९५८ साली लावला आणि १९८० च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. या जनुकांनी घडवलेली प्रथिने पेशीपृष्ठावर असतात, आणि शरीराचे रक्षक त्यांचा दाखला पाहूनच आप्तपर ठरवतात. मज्जारोपणात तर दात्याचे रक्षकच रुग्णाच्या देहात वस्तीला येतात, आणि रुजुवात पटली नाही तर यजमानाची त्वचा, यकृत आणि आतडी यांवरच तुटून पडतात.

आई आणि बाप यांच्याकडून या जनुकांचा एकेक संच बहुधा अखंड उतरत असल्यामुळे सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याचा संभव चारांत एक. म्हणजे ‘हम दो, हमारे दो’च्या संसारात निराशाच अधिक. मग परक्याचे दार. जगभरच्या नोंदवह्यांत चार कोटींहून अधिक दाते आहेत खरे, परंतु त्यांत युरोपीय वंशाचे लोक फार. आपल्याकडच्या कुंपणातले संच तेथे क्वचितच सापडतात, आणि ज्या पोटजातीतून कोणी नाव नोंदवलेच नाही, तिच्या रुग्णापुरते ते दफ्तर कोरेच. जात विचारू नये हे मान्य. पण जनुकांना ही सभ्यता कोणी शिकवलेली नाही. अर्धवट जुळणाऱ्या आईबापांची मज्जाही आता औषधांच्या बळावर वापरतात, तरी पूर्ण जुळणीचे महत्त्व सरलेले नाही.

नाव नोंदवणे मात्र अगदीच किरकोळ काम: संमतिपत्रावर सही करायची आणि गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून द्यायचा. जुळणी निघालीच, तर बहुधा कमरेच्या हाडात सुई घालावी लागत नाही. मज्जेतल्या मूळपेशी रक्तात उतरवणारी इंजेक्शने चारपाच दिवस घेऊन, त्यांनी येणारी अंगदुखी सोसून, एका हातातून यंत्रात जाणारे व मूळपेशी काढून घेऊन दुसऱ्या हातात परतणारे आपलेच रक्त काही तास पाहत पडून राहायचे. नकार देण्याचा हक्क दात्याला शेवटपर्यंत असतो. तो बजावायचाच असेल, तर रोपणापूर्वीचे उपचार सुरू होण्याआधी बजावावा; कारण त्या उपचारांत रुग्णाची स्वतःची मज्जा जाणूनबुजून नष्ट केलेली असते.